तुरीचे दोन मुलूख

सन २०१७ च्या ५ ऑगस्टला केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना प्रसिद्ध केली. कागद नेहमीच्या सरकारी कागदासारखाच होता, आखूड, रुक्ष आणि कलमांच्या भाषेत बोलणारा. आणि त्यात सांगितलेली गोष्टही एवढीच होती, की तुरीची आयात, जी त्या दिवसापर्यंत मुक्त होती, ती यापुढे मर्यादित समजावी आणि एका आर्थिक वर्षात दोन लाख टनांपेक्षा अधिक तूर देशात उतरू देऊ नये. हुकूम निघाला दिल्लीत. त्याची चर्चा झाली ती लातूर, अकोला, जळगाव, गुलबर्गा येथील डाळ गिरण्यांत आणि मुंबईच्या आयातदारांच्या पेढ्यांवर. पण त्याचा खरा आघात ज्यांना सोसावा लागला ती माणसे यांपैकी कोणत्याच ठिकाणची नव्हती. हिंदी महासागराच्या पलीकडे, मोझांबिकच्या झांबेझिया प्रांतातील गुरुए आणि मिलांज या भागांत, दक्षिण मलावीच्या शिरे पठारावर, टांझानियातील बाबाटीच्या आसपास, ज्या छोट्या शेतकऱ्यांनी आदल्या वर्षाच्या अखेरीस मोठ्या उमेदीने तूर पेरली होती आणि ज्यांच्या अंगणांत काढणीच्या त्या दिवसांत शेंगा झोडपल्या जात होत्या, त्यांना दिल्लीतल्या त्या कचेरीचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आणि तरीही त्यांच्या वर्षाच्या मिळकतीचा निकाल त्या कचेरीने लावून टाकला होता.

विकसनशील देशांचे आपसांतील आर्थिक संबंध वाढत आहेत ही गोष्ट आता वादाची राहिलेली नाही. जगाच्या एकंदर व्यापाराचा सुमारे चौथा हिस्सा आज या देशांच्या परस्परांतच होतो. या वाढीचे वर्णन शिखर परिषदांच्या जाहीरनाम्यांत बंधुभाव, समानता, परस्परहित अशा भारदस्त शब्दांनी केले जाते, आणि ते शब्द केवळ पोकळ आहेत असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. मात्र अशा शब्दांची पारख परिषदेच्या मंडपात होत नाही, ती शिवारात होते. आणि त्या दृष्टीने पाहू गेल्यास तुरीइतका बोलका जिन्नस दुसरा मिळणे कठीण. खनिज तेल, कोळसा, सोने यांचे व्यवहार आकड्याने कितीतरी मोठे असतात, परंतु ते दोन सरकारांच्या आणि चार कंपन्यांच्या दरम्यान होतात आणि तेथेच जिरतात. तुरीचा व्यवहार दोन्ही बाजूंना लाखो घरांच्या उंबरठ्यापर्यंत जातो.

विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या कोणाही शेतकऱ्याला मलावीच्या दक्षिण भागात नेऊन उभे केले, तर भाषा वगळता तेथील शेतात त्याला परके वाटण्यासारखे फारसे काही सापडणार नाही. आपल्याकडे कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या काही तासांनंतर तुरीचे एक तास टाकण्याची रीत आहे. तिकडे मक्याच्या ओळींतून तूर पेरतात. पाऊस दगा देईल या भयाने केलेली ही दुहेरी पेर दोन्हीकडे सारखीच, आणि मुख्य पीक बुडाले तरी खोल मुळांच्या आधाराने तूर तगून राहते हा अनुभवही सारखाच. तुरीचा बेवड जमिनीला मानवतो हे आपल्या कुणब्याला कोणत्याही कृषी विद्यापीठाने शिकवलेले नाही, आणि शिरे पठारावरच्या बायकांनाही ते तसेच, पिढीजात, माहीत आहे. काढणीनंतर उरलेल्या तुराट्यांचा सरपण म्हणून उपयोग दोन्हीकडे होतो. मलावीत या दाण्याला नांदोलो म्हणतात आणि मक्याच्या न्सिमाबरोबर तो खातात. टांझानियात म्बाझी म्हणतात, आणि किनाऱ्याकडे नारळाच्या दुधात शिजवतात.

मोझांबिकची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तो वेगळेपणाच पुढच्या सगळ्या अनर्थाच्या मुळाशी आहे. तेथे तूर थोडीफार खाल्ली जाते, नाही असे नाही. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उत्तरेकडील प्रांतांत तिचा जो विस्तार झाला, तो घरच्या भांड्यासाठी नव्हे, तर केवळ एका देशाच्या बाजारपेठेसाठी. तो देश म्हणजे भारत. जगातील तुरीचे सुमारे तीन-चतुर्थांश उत्पादन आपल्याकडे होते आणि खप त्याहूनही अधिक आहे. रोजच्या वरणाला, आमटीला आणि सांबाराला पुरेल एवढी तूर आपण पिकवत नाही, आणि ती तूट भरून काढण्याजोगी तूर पिकवणारे मुलूख पृथ्वीच्या पाठीवर ब्रह्मदेश आणि पूर्व आफ्रिका एवढेच. गव्हाला, तांदळाला, साखरेला दहा गिऱ्हाइके असतात. तुरीच्या विक्रेत्याने भारताचे दार बंद दिसल्यावर जावयाचे कोठे?

या व्यापाराला ऋतूंनीही साहाय्य केले आहे. आपली तूर डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत बाजारात येते. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील मुलखांत पेरणी नोव्हेंबर-डिसेंबरात आणि काढणी जुलै ते सप्टेंबरात होते. म्हणजे आपल्या वखारी रित्या होत आलेल्या असतात आणि सणासुदीची मागणी तोंडावर असते, नेमक्या त्याच वेळी नकाला, बैरा आणि दार-ए-सलाम या बंदरांतून भरलेले कंटेनर न्हावाशेवाकडे निघतात. लातूरच्या आडत बाजारात उभे राहून कान दिला तर गजरी, अरुषा, मटवारा ही नावे ऐकू येतात. यांतली दोन तर टांझानियातील गावांचीच, व्यापाऱ्याच्या जिभेने थोडी घडवून घेतलेली. ब्रह्मदेशाचा माल तेथे अद्याप ‘बर्मा लेमन’ म्हणूनच ओळखला जातो आणि त्याचा भाव डॉलरमध्ये, टनावर, रंगूनहून भ्रमणध्वनीवर येतो. सकाळी पोटलीच्या सौद्यात निघणाऱ्या स्थानिक तुरीच्या दरावर त्या डॉलरची छाया पडलेली असते, ही गोष्ट हमालापासून गिरणीवाल्यापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. गिरणीत शंभर किलो तुरीची सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ होते, चुनी जनावरांना जाते, आणि फटका डाळीच्या पिशवीतला अमुक दाणा औशाचा आणि तमुक दाणा झांबेझियाचा हे ओळखणे कोणाही गृहिणीच्या शक्तीबाहेरचे होऊन बसते.

आता २०१७ च्या अनर्थाची पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने पाठ फिरवली. मराठवाड्याची दशा काय झाली हे वाचकांच्या स्मरणात असेल. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले होते. २०१५-१६ साली देशात तूर झाली अवघी २५ लाख ६० हजार टन, आणि २०१५ च्या ऑक्टोबरात किरकोळ बाजारात डाळीचा भाव किलोला दोनशे रुपयांवर गेला. साठेबाजांवर छापे पडले, साठ्यांवर मर्यादा आल्या, डाळ हा राजकारणाचा विषय झाला. अशा घाबऱ्या मनःस्थितीत सरकारने समुद्रापलीकडे पाहिले, आणि २०१६ च्या जुलैत पंतप्रधानांच्या मोझांबिक भेटीच्या वेळी मापुतो येथे एक करारनामा झाला: भारताने पहिल्या वर्षी एक लाख टन डाळी घ्यावयाच्या आणि हे प्रमाण वाढवीत २०२०-२१ पर्यंत दोन लाख टनांवर न्यावयाचे. करारात परिमाण होते, मुदत होती. गुरुएच्या शेतकऱ्याच्या हातात किलोमागे काय पडेल याची हमी मात्र नव्हती.

तरीही बातमीनेच काम केले. करार, चढे भाव आणि गावोगाव हिंडणारे खरेदीदार यांच्या जोरावर मोझांबिक, मलावी, टांझानिया या तिन्ही देशांत त्या हंगामात तुरीखालचे क्षेत्र वाढले. इकडे आपल्या शेतकऱ्यानेही दोनशे रुपये किलोचा भाव पाहिला होता, सरकारने बोनस धरून ५०५० रुपयांचा हमीभाव जाहीर केला होता, आणि २०१६ चा पाऊस उत्तम झाला. परिणाम असा, की २०१६-१७ साली देशात तूर झाली ४८ लाख ७० हजार टन, आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट. ज्यांनी तूर पेरा म्हणून सांगितले त्यांनी तूर आल्यावर ठेवायची कोठे याचा विचार केलेला नव्हता. खरेदी केंद्रांवर बारदान संपले, वखारींत जागा उरली नाही, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर दिवसच्या दिवस रांगांत उभे राहिले, आणि २२ एप्रिल २०१७ रोजी केंद्रे बंद झाली तेव्हा माल अद्याप दारातच होता. खुल्या बाजारात चार हजारांच्याही खाली तूर विकून लोक घरी गेले.

तारखांकडे बारकाईने पाहावे अशी माझी वाचकांस विनंती आहे, कारण या लेखात मला जे म्हणावयाचे आहे ते त्या तारखांतच आहे. महाराष्ट्रातील लहान शेतकऱ्याची तूर एप्रिल-मेपर्यंत बहुतेक विकली गेली होती. कर्जाचे हप्ते आणि खरिपाचे बी-बियाणे त्याला थांबू देत नाहीत. आयातीवर बंधन आले ऑगस्टात. म्हणजे ज्याच्या संरक्षणार्थ म्हणून हा हुकूम निघाला, त्याच्या घरात त्या वेळी संरक्षण करण्याजोगे काही शिल्लक नव्हते. आणि ज्यांनी भारताच्या करारावर विसंबून पीक घेतले होते, त्यांच्या खळ्यात मात्र रास पडलेली होती. करारापुरता माल मर्यादेतून वगळला आहे अशी सवलत मोझांबिकला होती हे खरे, पण पिकले होते त्याहून पुष्कळ अधिक, आणि मलावी व टांझानिया यांच्याशी तर त्या वेळी करारच नव्हता. तिन्ही देशांत भाव कोसळले. पुष्कळ ठिकाणी खरेदीदार गावात फिरकलेच नाहीत. एका कागदाने दोन मुलखांच्या शेतकऱ्यांपैकी एकाचे काही वाचवले नाही आणि दुसऱ्याचे होते ते घालवले. अशा धोरणाला कठोर म्हणता येत नाही, कारण कठोर धोरणाने निदान कोणाचे तरी हित साधते. त्याला उशिराचे धोरण म्हणावे.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांनाही त्याच सुमारास असाच तडाखा बसला. २०१७ च्या नोव्हेंबरात पिवळ्या वाटाण्यावर पन्नास टक्के आयात शुल्क आले. परंतु सस्कॅचेवानच्या शेतकऱ्यापाशी धान्य साठविण्याची कोठारे आहेत, पुढच्या हंगामात गहू किंवा मोहरी पेरण्याची सोय आहे, आणि जिनिव्हाला जागतिक व्यापार संघटनेत उभे राहून भारताला प्रश्न विचारणारे सरकार आहे. मलावीच्या शेतकऱ्यापाशी यांतले एकही नव्हते. श्रीमंत देशांशी व्यापार करताना दुबळ्याची कुचंबणा होते, म्हणून दुबळ्यांनी आपसांत व्यापार करावा, असे आपण गेली सत्तर वर्षे म्हणत आलो. दुबळ्यांच्या आपसांतल्या व्यापारातही कोणीतरी अधिक दुबळा असतो आणि त्या पंक्तीत भारत हा मोठा पक्ष असतो, ही गोष्ट आपल्या बोलण्यात फारशी येत नाही.

१९५५ च्या एप्रिलात बांडुंगला आशिया-आफ्रिकेतील २९ देश जमले तेव्हाच्या अंतिम निवेदनात आर्थिक सहकार्याला पहिले स्थान होते. १९६४ साली संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेत राउल प्रेबिश यांनी, कच्चा माल विकून पक्का माल घेणारे देश कायम मागे का पडतात, याची मीमांसा जगापुढे मांडली आणि त्याच वर्षी ७७ देशांचा गट उभा राहिला. १९८८ साली बेलग्रेडला परस्परांना जकातीत सवलती देण्याचा करार झाला. या सर्व उपक्रमांमागची कल्पना उदात्त होती, फळ मात्र पुष्कळ काळपर्यंत बेताचेच आले, कारण सगळेच देश तेच तेच माल पिकवत होते आणि सगळ्यांनाच यंत्रे युरोप-अमेरिकेहून हवी होती. चीन आणि भारत यांची मागणी वाढली तेव्हा कोठे हे चित्र पालटले. २००८ साली दिल्लीत भरलेल्या पहिल्या भारत-आफ्रिका शिखर परिषदेत भारताने अत्यल्प विकसित देशांच्या मालाला शुल्कमुक्त प्रवेश देण्याची योजना जाहीर केली आणि पुढे ती बहुतेक सर्व जिनसांना लागू केली. मोझांबिक, मलावी, टांझानिया आणि ब्रह्मदेश हे चारही देश त्या योजनेत येतात. जकात उठली, पण परिमाणाची कुलपे दिल्लीच्याच हाती राहिली, आणि ज्याला कुलूप घालण्याची मुभा आहे त्याने दार उघडे ठेवले आहे या म्हणण्याला मर्यादित अर्थच उरतो.

मोझांबिकशी आपला संबंध तसा काल-परवाचा नाही. १७५२ पर्यंत त्या प्रदेशाचा कारभार पोर्तुगीज गोव्याहून पाहिला जात असे; मांडवीच्या काठावरून निघालेले हुकूम मोझांबिकच्या बेटावर पाळले जात. गोवेकर कारकून, दीवचे व्यापारी, गुजरातेतली घराणी यांची वस्ती त्या किनाऱ्यावर जुनी आहे, आणि आज तुरीच्या निर्यातीत दिसणारी नावे पाहिली तर त्या इतिहासाचा धागा तुटलेला नाही हे ध्यानात येते. १९७५ साली देश स्वतंत्र झाला, लागलीच १९७७ पासून १९९२ पर्यंत यादवीने पोळला; शांतता आली तेव्हा उत्तरेकडच्या खेड्यांत पेरण्यासारखे बी आणि विकण्यासारखे पीक यांचीच वानवा होती. तुरीने ती पोकळी भरून काढली. खताविना येणारे, फवारणी थोडी मागणारे, साठवता येणारे आणि रोख पैसा देणारे असे ते पीक होते.

भारताची त्या देशातील मोठी गुंतवणूक खरे म्हणजे तुरीत नाहीच. रोवुमाच्या खोऱ्यातील नैसर्गिक वायूच्या प्रकल्पात आपल्या सरकारी तेल कंपन्यांचा मिळून तीस टक्के वाटा आहे, आणि तेतेच्या कोळशाच्या खाणींतही भारतीय भांडवल आहे. २०२१ च्या मार्चमध्ये पाल्मा या गावावर बंडखोरांचा हल्ला झाला आणि वायूचा तो अब्जावधी डॉलरांचा प्रकल्प बंद पडला. ज्या काबो देल्गादो प्रांतात तो आहे तेथील दारिद्र्य वायू सापडल्याने कमी झाले नव्हते, उलट असंतोषाला एक कारण अधिक मिळाले होते. खाणीतून आणि विहिरीतून निघणारी संपत्ती थोड्या हातांत राहते. तुरीचा पैसा थोडा असतो, पण तो पसरतो. त्यातून घरावर पत्रा चढतो, पोराची शाळेची फी भरली जाते, आणि बऱ्या सालात एखादी मोटारसायकल घरी येते, जी अनेकदा पुण्याच्या कारखानदाराने बनवलेली बॉक्सर असते. टांझानियात तर तीनचाकी रिक्षेला लोक सरळ बजाजीच म्हणतात. तूर इकडे येते आणि वाहन तिकडे जाते, असा हा विनिमय. प्रेबिश यांनी तो पाहिला असता तर त्यांना आनंद झाला असता की विषाद, हे सांगणे अवघड आहे, कारण कच्चा माल आणि पक्का माल यांची जुनी वाटणी येथेही जशीच्या तशी राहिली आहे. केवळ पक्क्या मालाचा विक्रेता पालटला आहे.

या मुद्द्यापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. मलावीत ब्लँटायर आणि लिंबे येथे डाळ भरडण्याच्या गिरण्या फार वर्षांपासून आहेत. भारतीय वंशाच्या कुटुंबांनी त्या काढल्या. तूर तेथेच भरडली गेली, तर मजुरी तेथे राहील, चुनी तेथील जनावरांना मिळेल, आणि डाळ भारताखेरीज अन्यत्र, जेथे जेथे आपली माणसे वसली आहेत तेथे, विकता येईल. पण आपले करार अख्ख्या तुरीचे असतात, आपल्या आयातीचे परवाने २०१८ नंतर काही काळ तर केवळ गिरणीवाल्यांनाच मिळत, आणि लातूर-जळगावच्या गिरण्यांना वर्षभर काम मिळावे ही त्यामागची दृष्टी उघड होती. ती दृष्टी अन्यायाची आहे असे मी म्हणत नाही. लातूरच्या गिरणीत काम करणारा मजूरही पोटासाठीच राबतो. परंतु विकास, सहकार्य, क्षमतावर्धन हे शब्द ज्या सरकारच्या मुखी आहेत, त्याने परक्या देशाचा कच्चा दाणा तेवढा उचलावा आणि त्यालाच विकास म्हणावे, हे इंग्रजांच्या कापूस-व्यापाराचा अनुभव घेतलेल्या मुलखाला शोभत नाही.

याहून चांगल्या नात्याचा एक नमुना आपल्याच देशात आहे. हैदराबादजवळ पटानचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेत कोरडवाहू पिकांवर संशोधन चालते. मर रोगाने तुरीचे शिवारच्या शिवार वाळून जाते. त्या रोगाला दाद न देणारी वाणे या संस्थेने भारतासाठी काढली, तशीच तेथील शास्त्रज्ञांनी मलावी, टांझानिया आणि मोझांबिकमधील संशोधकांबरोबर त्या मुलखांना मानवणारी वाणेही काढली. बदनापूरच्या केंद्राचे वाण पेरणारा जालन्याचा शेतकरी आणि ‘माली’ नावाचे वाण पेरणारा बाबाटीचा शेतकरी हे एकाच विद्येचे लाभार्थी आहेत. बियाण्याच्या या देवघेवीत कोणाचे नुकसान झाल्याचे ऐकिवात नाही. गंमत एवढीच, की उत्पन्न वाढवण्याची विद्या आपण दिली आणि वाढलेले उत्पन्न दारात आले तेव्हा दार लावून घेतले.

पुढील हकिकत थोडक्यात सांगतो. मर्यादा चार वर्षे राहिली. २०१९ मध्ये ती चार लाख टनांवर नेण्यात आली. हात पोळलेल्या आफ्रिकी शेतकऱ्यांपैकी बरेच जण तीळ, सोयाबीन अशा पिकांकडे वळले. मग आपल्याकडे पुन्हा भाव चढू लागले तेव्हा १५ मे २०२१ रोजी आयात एकाएकी खुली करण्यात आली, मोझांबिकच्या कराराची मुदत वाढवली गेली, आणि मलावीशी वर्षाला ५० हजार टन तुरीचा, ब्रह्मदेशाशी एक लाख टन तुरीचा व अडीच लाख टन उडदाचा असे पाच-पाच वर्षांचे करार झाले. २०२२-२३ साली आपले पीक ३३ लाख टनांवर आले, पुढच्या वर्षीही फारसे सावरले नाही, आणि तुरीचा भाव २०२४ च्या उन्हाळ्यात क्विंटलला दहा-बारा हजारांपर्यंत गेला. याच टंचाईच्या काळात, २०२३ च्या अखेरीस, मोझांबिकमध्ये निर्यातदारांचे आपसांतले कलह आणि कोर्टकज्जे यांमुळे नकालाला तुरीचा मोठा साठा अडकून पडला. दिल्लीला विनवण्या कराव्या लागल्या. एकच गिऱ्हाईक असलेला विक्रेता जसा अगतिक असतो, तसेच दोन-तीनच विक्रेते असलेले गिऱ्हाईकही असते, हे सहा वर्षांच्या अंतराने दिल्लीला कळले असावे, अशी आशा करू.

आणि आपला शेतकरी? २०२४-२५ मध्ये देशात बारा लाख टनांच्या आसपास तूर बाहेरून आली, शुल्कमुक्त. आणि २०२५ च्या आरंभी जेव्हा त्याचे नवे पीक बाजारात आले, तेव्हा ७५५० रुपयांचा हमीभाव कागदावर राहून लातूर-अकोल्याचे सौदे सात हजारांच्या आसपास होऊ लागले. बाजारात त्या वेळी जो संताप ऐकू येत होता तो आफ्रिकेच्या नावाने होता. संताप न्याय्य आहे, पत्ता चुकीचा आहे. भाव चढला की आयात खुली आणि भाव पडून माल विकला गेला की आयात बंद, या पद्धतीत दोन्ही शिवारांचे नुकसान होते आणि लाभ होतो तो ज्यांना वखार परवडते आणि दिल्लीची वार्ता एक दिवस आधी मिळते त्यांचा. शहरी ग्राहकाला महागाईची झळ लागू नये ही सरकारची चिंता रास्त असेल. पण ३१ मार्चला संपणारी आयातीची मुदत एकेका वर्षाने वाढवल्याचे जाहीर करून ती चिंता मिटत नाही, कारण तोपर्यंत इकडच्या आणि तिकडच्या दोन्ही शेतकऱ्यांनी तूर पेरलेली असते.

याहून मोठी विसंगती पुढेच आहे. २०२४ च्या जानेवारीत केंद्रीय गृह आणि सहकार मंत्र्यांनी जाहीर केले, की २०२७ च्या डिसेंबरपर्यंत देश डाळींच्या बाबतीत स्वयंपूर्ण होईल आणि त्यानंतर किलोभर डाळही बाहेरून आणावी लागणार नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात ११,४४० कोटी रुपयांच्या कडधान्य अभियानाला मंजुरी मिळाली. तूर, उडीद आणि मसूर यांच्यावर त्याचा भर असून २०३०-३१ पर्यंत एकूण उत्पादन ३५० लाख टनांवर न्यावयाचे आहे. आपण आपल्या पुरती डाळ पिकवावी यात वावगे काही नाही. विदर्भाच्या कोरडवाहू जमिनीला तुरीपेक्षा चांगला सोबती नाही, आणि मागेल त्याची तूर हमीभावाने खरीदण्याचे जे वचन त्या अभियानात आहे ते पाळले गेले तर मी त्याचे स्वागतच करीन. प्रश्न इतकाच आहे, की एकीकडे पाच-पाच वर्षांचे खरेदीचे करार करणाऱ्या आणि दुसरीकडे २०२७ नंतर खरेदी थांबवण्याची ग्वाही देणाऱ्या राष्ट्राने, झांबेझियातील आणि मलावीतील माणसांना नेमके काय सांगितले आहे? डिसेंबर २०२७ खरा असेल तर त्यांना तो आज कळला पाहिजे, म्हणजे ते दुसरे पीक शोधतील. आणि तो खरा नसेल, गेल्या पंचवीस वर्षांतील अशा अनेक मुदतींप्रमाणे तोही सरणार असेल, तर निदान तुटीपुरत्या परिमाणाची लेखी हमी त्यांना मिळाली पाहिजे.

माझ्या मते उपाय दुर्लभ नाही आणि त्याला परिषदाही भरवाव्या लागत नाहीत. येत्या तीन वर्षांत किती तूर बाहेरून घेणार हे परिमाण आगाऊ ठरवावे. ते दरवर्षी आपल्या मृगाच्या पेरणीपूर्वी, म्हणजे मेच्या आत, जाहीर व्हावे, म्हणजे ते ऑक्टोबरच्या आत आफ्रिकेतही पोहोचेल. एकदा जाहीर झालेले परिमाण एक पीक निघेपर्यंत बदलू नये. आयातीच्या बंदरावरचा दर आपल्या हमीभावाच्या खाली जाणार नाही असे शुल्क त्यावर असावे, आणि त्या शुल्काचा काही भाग विक्रेत्या देशातील वखारी आणि गिरण्या यांसाठी परत जावा. यांतील शेवटचे कलम अर्थखात्याला रुचणार नाही, हे मला माहीत आहे. पहिली तीन मात्र एका अधिसूचनेने होण्यासारखी आहेत, आणि अधिसूचना काढण्यात आपली कचेरी कधी मागे राहिलेली नाही.

आपल्या बाजार समित्या दरवर्षी आयातबंदीचे ठराव करून मुंबईला आणि दिल्लीला पाठवतात, आणि ते ठराव फायलींत पडून राहतात, कारण भाव चढले की कोणतेही सरकार आयातबंदी ठेवणार नाही हे ठराव करणाऱ्यालाही ठाऊक असते. लातूर, अकोला आणि अमरावती येथील समित्यांनी येत्या खरिपापूर्वी वेगळा ठराव करून पाहावा: आयात किती होणार ते पेरणीआधी सांगा, आणि सांगितलेले मोडू नका. या मागणीवर झांबेझियाचा शेतकरीही अंगठा उठवील.